पुस्तक सातासमुद्रापार मागवताना



जर्मनीत राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी घरात पुस्तकांची मागणी बारा महिने चालू असते. मुलांना गोष्टी वाचून दाखवायला माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं हवी असतात. उन्हाळ्यात आजी-आजोबा राहायला येणार असले की त्यांच्यासाठी ‘स्मृतिचित्रे’, ‘बनगरवाडी’ यांची आठवण होते आणि ऑक्टोबर उजाडला की दिवाळी अंकांचे वेध लागतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आता मोबाइलवर उघडतात, त्यामुळे पुस्तक निवडायला पाच मिनिटं पुरतात. ते घरी येईपर्यंत मात्र बरंच काही घडावं लागतं. पुष्कळ घरं त्यालाच कंटाळून पुस्तकं मागवणं सोडून देतात आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक अडचणी आधी थोडा विचार केला तर सुटण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण वजनाची. कागद जड असतो आणि विमान-टपालाचा दर वजनावर ठरतो. त्यामुळे दोनशे रुपयांच्या पुस्तकाला त्याच्या कित्येक पट टपालखर्च पडतो. हा खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो. इंग्लंडमध्ये 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘बुक डिपॉझिटरी’ या दुकानानं जगभर टपालखर्च न आकारता पुस्तकं पाठवली. 2011 मध्ये अ‍ॅमेझॉननं ते विकत घेतलं आणि एप्रिल 2023 मध्ये ते बंद झालं. इंग्रजीसारख्या मोठ्या बाजाराचं हे झालं, तर मराठीत फुकट घरपोच पुस्तकाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

पण टपालाच्या दराची एक रीत असते. पहिल्या टप्प्याला पैसे जास्त पडतात, वजन वाढेल तसा पुढचा दर बहुधा उतरत जातो. म्हणजे एकटंदुकटं पुस्तक सर्वांत महाग. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की एकट्यानं मागवू नका. गावातल्या चार-सहा मराठी घरांनी मिळून यादी करावी आणि ती एकाच पत्त्यावर मागवावी. आंतरराष्ट्रीय टपालात ‘एम बॅग’ नावाची सोय आहे. एकाच पत्त्यावर जाणारं छापील साहित्य तीस किलोपर्यंत एका पिशवीत पाठवता येतं. मोठी मागणी असेल तर पुण्या-मुंबईच्या मोठ्या टपाल कार्यालयात तिची चौकशी जरूर करावी. आलेली पुस्तकं मग घरोघर फिरवावीत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात विनायक रानडे यांनी पुस्तकांच्या पेट्या अशाच वाचकांमध्ये फिरत्या ठेवल्या आणि त्या परदेशातही पोचल्या. पेटी एका घरी येते, पण वाचणारी घरं अनेक असतात.

दुसरी अडचण कस्टमची. जर्मनीत छापील पुस्तकांवर सीमाशुल्क नाही, विक्रीकर मात्र आहे, आणि तोही सवलतीचा, सात टक्के. पूर्वी बावीस युरोंपर्यंतच्या मालाला करमाफी होती, ती युरोपीय संघानं 1 जुलै 2021 पासून काढून टाकली. आता लहानसं पाकीटसुद्धा तपासणीच्या वाटेवर येतं. पाकिटावर आत काय आहे ते नीट लिहिलेलं नसेल, बिल बाहेर चिकटवलेलं नसेल, तर ते अडकतं आणि कस्टमच्या कार्यालयात हजर राहण्याची चिठ्ठी घरी येते.

अशी चिठ्ठी घेऊन मी गेले आहे. काउंटरवर पाकीट ठेवलेलं होतं. अधिकारी बाईंनी मला कटर दिलं आणि ‘तुम्हीच उघडा’ म्हणाल्या. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुलांची पुस्तकं होती. बिल कुठंच नव्हतं. त्यांनी एक पुस्तक उचललं, चित्रं पाहत पानं उलटली, मग मलपृष्ठ वर केलं आणि तिथं छापलेल्या किमतीवर बोट ठेवलं. आपल्याकडे पुस्तकावर किंमत छापतात ही साधी गोष्ट त्या दिवशी कामाला आली. त्या छापील आकड्यांची बेरीज झाली, कर भरला आणि पुस्तकं पिशवीत पडली. बिल पाकिटावर असतं, तर हीच पुस्तकं पोस्टमनच्या हातून दारात आली असती.

म्हणून दुकानदारांना विनंती, की परदेशी पाकिटावर ‘छापील पुस्तकं’ हे इंग्रजीत ठळक लिहा, प्रत्येक पुस्तकाची खरी किंमत लिहा आणि बिलाची प्रत बाहेरच्या पारदर्शक खिशात घाला. आत प्लास्टिकचं वेष्टन हवंच, कारण पाऊस इथंही आहे आणि तिथंही. चारी बाजूंनी जाड पुठ्ठा घातला तर कोपरे दुमडत नाहीत. आणि मागणीच्या अर्जात सहा आकडी पिनकोड आणि दहा आकडी मोबाइल क्रमांक सक्तीचा ठेवू नका. जर्मनीतला पिन पाच आकडी आहे, तेवढ्यावरून मागणी परत फिरू नये.

प्रकाशकांना माझं सांगणं याहून महत्त्वाचं आहे. पुण्यातला वाचक पुस्तक हातात घेतो, चाळतो, अक्षर केवढं आहे ते बघतो. आम्हाला हे करता येत नाही. तेव्हा पृष्ठसंख्या, वजन, आवृत्तीचं साल, आयएसबीएन क्रमांक आणि आतल्या दोन-चार पानांचा नमुना एवढं तरी पुस्तकाच्या माहितीत द्या. पाच वर्षांच्या मुलासाठी मागवलेलं पुस्तक बारीक टायपातलं निघालं, तर ते मूल त्याला पुन्हा हात लावत नाही आणि साता समुद्रांपलीकडून ते परतही करता येत नाही.

दिवाळी अंकांसाठी घड्याळ आणखी कडक आहे. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून तो फराळाबरोबर वाचायची आपली रीत आहे. डिसेंबरात आलेला अंकही आम्ही वाचतोच, पण सणाची ती संध्याकाळ निघून गेलेली असते. परदेशी जाणारे संच आधी बांधले, तर ती चुकणार नाही. छापील पुस्तकाला पर्याय म्हणून ई-बुकं आहेत आणि कादंबरी वाचायला ती उत्तमच, पण मांडीवर बसलेल्या मुलाला पान स्वतः उलटायचं असतं.

ज्यांचे नातेवाईक परदेशी आहेत अशा श्रोत्यांना शेवटी एवढंच सांगते. त्यांना फोन करा, कोणती पुस्तकं हवीत ते विचारा आणि शेजारच्या मराठी घरांची यादीही त्यातच जोडायला सांगा. दिवाळीसाठी मागवायचं असेल, तर हा फोन गणपतीतच करा.