मुलांची मोजणी आणि मुलांची नोंद

(अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि बालवाडी शिक्षिका यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



‘बालकांच्या विकासाचे निरीक्षण आणि नोंदी’ हा विषय आपण मला दिला आहे. वरवर पाहता तो तांत्रिक वाटतो. प्रशिक्षणवर्गातल्या एखाद्या दुपारी उरकावा, तक्ता कसा भरायचा ते फळ्यावर दाखवावे आणि घरी जावे, असा! परंतु समाज कोणाच्या मुलाकडे निरखून पाहतो आणि कोणाच्या मुलाची केवळ मोजदाद करतो, हा विषमतेचाच एक प्रश्न आहे, असे मी मानतो. म्हणून या विषयाची चर्चा शिक्षणतज्ज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

लहान मुलाला शिकवण्याआधी त्याच्याकडे पाहावे, हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. दिवसभर कामावर जाणाऱ्या आईबापांची ती मुले होती. त्या मुलांच्या निरीक्षणातून माँटेसोरींची पद्धत उभी राहिली. पुढे १९२४ ते १९२७ या काळात सुसान आयझॅक्स यांनी केंब्रिजच्या एका खासगी शाळेत मुलांच्या बोलण्याच्या, भांडणाच्या आणि प्रश्नांच्या तपशीलवार नोंदी केल्या. त्यांतून निघालेले दोन ग्रंथ आजही बालमानसशास्त्रात महत्त्वाचे मानले जातात. त्या शाळेत मुले थोडी होती, ती बहुतांशी सुशिक्षित घरांतली होती, आणि त्यांचे बोलणे टिपून घेण्यासाठी लघुलेखनिक नेमला होता. एकेका मुलाचे वाक्य लिहून घ्यायला पगारी माणूस! आयझॅक्सबाईंच्या कामाचे मोल यामुळे कमी होत नाही; पण निरीक्षणाला वेळ लागतो, माणसे लागतात आणि म्हणून पैसा लागतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

मग गरिबाच्या मुलाकडे कोणी निरखून पाहिलेच नाही काय? पाहिले, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. १९२६ साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ साली ताराबाई शहर सोडून बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर चालू राहिले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, हे त्यांनी पाहिले. ‘या लोकांना शिक्षणाची गोडी नाही’ असा शेरा मारून त्यांना वही मिटता आली असती. सरकारी कागदांत असे शेरे पुष्कळ सापडतात. त्यांनी मुले येत का नाहीत याचा शोध घेतला. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत होती, काही मुले गुरांमागे रानात जात होती. तेव्हा बालवाडी पाड्यावरच्या अंगणात गेली, आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी आणि पानांनी घेतली.

या प्रयोगात निरीक्षणाचे फळ काय मिळाले ते पाहा. मुलांना ‘मागास’ ठरवणारा तक्ता त्यातून निघाला नाही. बदलली ती शाळा. माझ्या आजच्या म्हणण्याचे सार एवढेच आहे. बालकाची नोंद ही त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेला बदलायला लावण्यासाठी असते. जी नोंद केवळ मुलावर शिक्का मारते आणि व्यवस्थेला जाब विचारत नाही, ती नोंद नव्हे. तो पंचनामा आहे.

‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगातून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तो शब्द पुढे देशभर पोचला. परंतु शब्द गेला तेवढ्या दूर त्यामागची दृष्टी गेली काय? अंगणवाडीत मुलाचे वजन होते, उंची मोजली जाते, वाढीच्या आलेखावर टिंब पडते. हे आवश्यकच आहे. आलेखाची रेघ खाली वळते तेव्हा ती वेळीच दिसल्याने जीव वाचतात, आणि त्या कामाला मी तिळमात्र कमी लेखत नाही. पण तीन ते सहा वर्षांचे मूल म्हणजे वजनकाट्यावरचा आकडा नव्हे. ते काय विचारते, कशाला भिते, कोणाशी खेळते, कोणत्या भाषेत हसते, याला आपल्या दप्तरात जागा कुठे आहे?

एक उदाहरण कल्पून पाहू. धारणी तालुक्यातील एखादी कोरकू मुलगी आहे. रकान्यात लिहिले जाते, ‘बोलत नाही.’ दुसरी ताई त्याच मुलीविषयी लिहिते, ‘वर्गात विचारल्यावर मान खाली घातली. खिचडीच्या वेळी धाकट्या भावाला कोरकूत दटावले आणि त्याच्या ताटलीतले दाणे एकेक मोजून दाखवले.’ दोन्ही नोंदी खऱ्या आहेत असे मानले, तरी पहिली नोंद त्या मुलीला विशेष शिक्षणाच्या यादीत ढकलील. दुसरीतून कळते की, ती बोलते, मोजते आणि भावाची जबाबदारीही घेते. अडचण आहे ती आमच्या मराठीची. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषादेखील नव्हे. तेव्हा बदल करायचा तो अंगणवाडीच्या भाषेत.

चांगली नोंद कशी असते, हे यातच आले. जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले ते आधी लिहावे. आपला तर्क वेगळा लिहावा. ‘हट्टी’, ‘मंद’, ‘आळशी’ हे शब्द निरीक्षणाचे नव्हेत, निकालाचे आहेत. एकाच दिवसावरून मत बनवू नये. उपाशी आलेले मूल आणि जेवलेले मूल ही दोन वेगळी मुले असतात. आणि एका मुलाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्याच मागच्या महिन्याशी करावी.

हे सारे शासनाला ठाऊक नाही असे नव्हे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयोगटासाठी परीक्षा सर्वथा अयोग्य ठरवल्या आहेत आणि शिक्षिकेचे निरीक्षण हा मूल्यमापनाचा एक प्रमुख मार्ग सांगितला आहे. कागदावर ही भूमिका योग्यच आहे. प्रश्न असा की, हे निरीक्षण करायचे कोणी आणि केव्हा? पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेच्या शिरावर आहेत. त्यांवर सर्वेक्षणे आली. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला. त्याच वर्षी महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी निकृष्ट मोबाईल आणि इंग्रजी ॲप यांच्या निषेधार्थ मोबाईल परत केले, हे आपणा सर्वांना आठवत असेल. २०२५ साली घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा मोबाईलने ओळखण्याची सक्ती आली. मुलाचा चेहरा यंत्राने ओळखला पाहिजे असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी त्या चेहऱ्याकडे पाहायला ताईला किती मिनिटे ठेवली, हेही सांगावे.

ज्या बाईकडून तज्ज्ञाच्या नजरेची अपेक्षा केली जाते, तिला शासन ‘मानसेवी’ म्हणते. २०१८ साली केंद्राने तिचे मानधन दरमहा ४५०० रुपये ठरवले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. आणि मुलाचे काय? शिक्षणाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांना मार्गदर्शक तत्त्वांत जागा दिली, न्यायालयात मागता येईल असा हक्क दिला नाही. ज्या वयात नजर सर्वाधिक हवी, त्या वयात मूलही हक्काविना आणि त्याची ताईही ‘मानसेवी’!

कोणी म्हणेल, ‘आधी पोटाला मिळू द्या, मग निरीक्षणाच्या गोष्टी करा.’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. श्रीमंताच्या मुलाला पोटाची भाकरी आणि शिक्षिकेची नजर ही दोन्ही एकाच वेळी मिळतात; गरिबाच्या मुलाने त्यांसाठी दोन पिढ्यांची रांग का लावावी? बीडचे ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, तेव्हा मुलाची नोंद गावच्या कपाटात राहते आणि फडावर ते मूल पुन्हा अनोळखी होते. ती नोंद आईच्या हातात असेल, तिला वाचता येईल किंवा कोणी वाचून दाखवील अशा साध्या मराठीत असेल, तर पुढची ताई पहिल्या पानापासून सुरुवात करणार नाही.

म्हणून या मेळाव्याने काही मागण्या स्पष्टपणे मांडाव्यात, अशी माझी विनंती आहे. निरीक्षण आणि लेखन यांसाठी दररोजच्या कामाच्या वेळातच राखीव वेळ असावा. एकच माहिती रजिस्टरात आणि मोबाईलमध्ये दोनदा भरण्याची सक्ती बंद व्हावी. मुलाची नोंद आईला दाखवली जावी व स्थलांतरात तिच्यासोबत जावी. त्या नोंदीचा उपयोग मुलांची क्रमवारी लावण्यासाठी अथवा ताईला नोटीस देण्यासाठी होऊ नये. आणि प्रत्येक पर्यवेक्षिकेने भेटीच्या वेळी ‘किती रकाने भरले?’ या प्रश्नाच्या आधी ‘या मुलांविषयी तुम्हाला काय नवे कळले, आणि त्यासाठी तुम्हाला आमच्याकडून काय हवे?’ असे विचारावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे असे मात्र नाही. उद्यापासून आठवड्याला एका मुलाविषयी चार वाक्ये लिहा. ज्याचे नाव आपल्या तोंडी क्वचित येते, त्या मुलापासून सुरुवात करा, आणि पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. या वह्या एकत्र वाचल्या की, आपल्या मागण्यांचा पुरावा त्यांतच सापडेल.