आधी उपचार, मग प्रश्न
(चिखली येथील महिला मेळाव्यातील भाषण)



माझी जाऊ बाळंत झाली आणि अंगावरून रक्त जायचं थांबेना. दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न आला, "सोबत पुरुष कोण आहे?" जाऊ वाचली, पण तो प्रश्न मी विसरले नाही.

आधी जीव वाचवा, कागदपत्रं नंतर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात बजावलं. पण तातडीच्या उपचारांचं शास्त्र स्वतंत्र विद्याशाखा म्हणून अमेरिकेत १९७९ साली मान्य झालं, आपल्याकडे थेट २००९ साली! २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ची गाडी आली. पण गाडीने न्यायचं कुठे?

२०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे या शाखेचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्रीसुद्धा मिळालं पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू या.

आणखी एक. बलात्कार किंवा अ‍ॅसिडहल्ला झालेल्या बाईवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तात्काळ मोफत उपचार केलेच पाहिजेत, असं २०१३ पासून कायदा सांगतो. हे तोंडपाठ करा. दारात कुणी अडवलं, तर आम्हाला हाक मारा. आपण मिळून जाऊ.