आधीचा आकडा, नंतरचा आकडा

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी महूला राहतो. महू म्हणजे इंदूरजवळची जुनी छावणी. पदवी बी.एस्सी.ची आहे खरी, पण त्यातलं संख्याशास्त्र मी शेवटच्या पेपरनंतर तिथेच ठेवून आलो होतो. तेव्हा आजचं बोलणं जाणकाराचं म्हणून ऐकू नका. एका चुकीची हकीकत म्हणून ऐका.

आम्ही काही माजी सैनिकांनी मिळून इथे बीपी तपासणीचं शिबिर भरवलं. ज्यांचं बीपी जास्त निघालं असे तीसेक जण निवडले. रोज सकाळी पाऊण तास चालायचं, जेवणात मीठ कमी, असं तीन महिने. आधी मोजलं, नंतर मोजलं. आता सांगायचं होतं, की फायदा झाला का?

मी लॅपटॉपवर दोन रकाने भरले, ‘आधी’ आणि ‘नंतर’. यादीत जी टेस्ट पहिली दिसली ती चालवली. ती होती दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट. उत्तर आलं, दखल घेण्यासारखा फरक नाही. मला वाईट वाटलं, कारण माणसं थंडीत एकही दिवस न चुकवता आली होती. माझी पुतणी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिला फोन लावला. ती म्हणाली, “काका, हे दोन वेगळ्या कंपन्यांचे जवान आहेत का?”

“नाही गं, तेच लोक. आधी आणि नंतर.”

“मग तुम्ही त्यांची नावं का पुसलीत?”

तिचं म्हणणं असं. एका माणसाचं बीपी मुळातच १५०, दुसऱ्याचं १८०. माणसामाणसांतला हा फरक इतका मोठा असतो, की चालण्याने झालेली आठ-दहाची घट त्यात बुडून जाते. पण प्रत्येकाचा आधीचा आकडा त्याच्याच नंतरच्या आकड्यातून वजा केला, की मूळचा फरक निघून जातो. उरतो एकच रकाना, फरकांचा. त्या फरकांची सरासरी शून्यापासून पुरेशी दूर आहे का, एवढंच मग विचारायचं. हीच पेअर्ड टी-टेस्ट.

तिने मला एक जुनं उदाहरण दिलं, ते तुम्हालाही देतो. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात विल्यम गॉसेट नावाचे गृहस्थ नोकरीला होते. १९०८ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने जो लेख लिहिला, त्यातून टी-टेस्ट आली. त्या लेखात १० रुग्णांच्या झोपेचे आकडे आहेत. त्याच १० जणांना झोपेची दोन औषधं वेगवेगळ्या वेळी दिलेली. पहिल्याने सरासरी ०.७५ तास जास्त झोप लागली, दुसऱ्याने २.३३ तास. हे दोन वेगळे गट समजून टेस्ट केली तर टी येतो १.८६ आणि पी-व्हॅल्यू साधारण ०.०८. म्हणजे औषधांत खरोखर काही फरक नसता, तरी एवढी तफावत योगायोगाने १०० पैकी ८ वेळा दिसली असती. पुरावा कच्चा. आता तेच आकडे माणसागणिक जोडा. टी येतो ४.०६ आणि पी-व्हॅल्यू ०.००३. आकडे तेच, माणसं तीच. गॉसेटनीही तिथे फरकांचाच रकाना मांडला आहे.

त्या रकान्याकडे नीट पाहा, कारण पुढचा प्रश्न तिथेच आहे. दहापैकी एकाचा फरक शून्य. आठ जणांचे ०.८ ते २.४ तासांच्या दरम्यान. आणि एक पठ्ठ्या एकदम ४.६. पुष्कळांना वाटतं, टी-टेस्टसाठी आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही रकाने घंटेच्या आकाराचे, म्हणजे नॉर्मल, असायला हवेत. तसं नाही. पाहायचे ते फरक. माणसं भरपूर असतील तर थोडं वाकडंतिकडं चालून जातं. माणसं थोडी आणि एखादा असा ४.६वाला असेल, तर सरासरी त्याच्याकडे ओढली जाते. तिथे विल्कॉक्सनची साइन्ड-रँक टेस्ट उपयोगी पडते. फ्रँक विल्कॉक्सन हे रसायनशास्त्रज्ञ, साल १९४५. ते फरकांना क्रम लावतात. ४.६ला मान मिळतो तो फक्त सर्वांत वरच्या क्रमांकाचा, किती वर याचा नाही. या झोपेच्या आकड्यांत तिचाही कौल तोच येतो.

आमच्यातले एक जण म्हणाले, आकडे कशाला, ‘जास्त’ आणि ‘नॉर्मल’ एवढंच लिहू. मापाचं असं पास-नापास करणं म्हणजे हातची माहिती फेकणं, असं माझं मत. पण कधी आपल्याकडे मुळातच तेवढंच असतं. तेव्हा मॅकनेमारची टेस्ट, १९४७ची. समजा ४० जण आहेत. त्यांतले २५ जण होते तिथेच राहिले. १२ जण ‘जास्त’मधून ‘नॉर्मल’मध्ये आले आणि ३ उलट गेले. ही टेस्ट त्या २५ जणांकडे बघतच नाही. हललेल्या १५ जणांत १२ विरुद्ध ३ हा निव्वळ छापा-काटा असू शकतो का, एवढंच ती विचारते. पी-व्हॅल्यू येते साधारण ०.०३५.

तर मी पेअर्ड टी-टेस्ट केली. फरक स्पष्ट निघाला. आम्ही खुशीत एक पत्रक छापलं, ‘चालण्याने बीपी उतरतं, आकड्यांनी सिद्ध’. महिन्याभरात आमच्या एका हवालदारसाहेबांच्या सुनेचा फोन आला. “सर, बाबूजींनी गोळ्या बंद केल्यात. म्हणतात, कर्नलसाहेबांनी सिद्ध केलंय. आज चक्कर येऊन पडले.” बीपी भलतंच चढलेलं होतं. निभावलं. पण त्या रात्री मला झोप नाही.

पुतणीला पुन्हा फोन. या वेळी तिने विचारलं, “काका, ही माणसं निवडलीत कशी?” ज्यांचं बीपी त्या दिवशी जास्त आलं, ते. “मग त्यातले काही जण त्या दिवसापुरतेच जास्त असणार ना?” बीपी रोज हलतं. एखादा जिना चढून आलेला असतो, एखादा पांढरा कोट पाहून घाबरलेला. वरची टोकं निवडून घेतली, की दुसऱ्या मोजणीत ती आपोआप थोडी खाली येतात, चाला किंवा बसून राहा. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. गाल्टननी हे १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत दाखवलं. डॅनियल कानेमन इस्रायलच्या हवाईदलातल्या प्रशिक्षकांची गोष्ट सांगत. प्रशिक्षकांची खात्री होती, की रागावलं की पुढचं उड्डाण सुधारतं आणि कौतुक केलं की बिघडतं. खरं तर अगदी वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण बहुधा बरंच जातं. मला ही गोष्ट लागली. मीही पुष्कळांना रागावलोय.

माझी दुसरी टेस्ट बरोबर होती. फरक आहे, असं ती म्हणाली, आणि फरक होताच. तो कशामुळे, हे तिला मी विचारलंच नव्हतं आणि तिला सांगताही आलं नसतं. त्यासाठी न चालणारी माणसं हवी होती.

पत्रकं परत गोळा केली. हवालदारसाहेबांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते उठून उभे राहिले, त्याने जास्तच शरमल्यासारखं झालं.

पुढच्या तुकडीत चिठ्ठ्या टाकल्या. निम्मे लगेच चालणार, निम्मे तीन महिन्यांनी. डॉक्टरांच्या गोळ्या दोघांच्याही चालू. प्रत्येकाचा फरक काढायचा आणि दोन गटांचे फरक ताडून पाहायचे. गंमत बघा, पहिल्या दिवशी चुकून निवडलेली दोन स्वतंत्र गटांची टी-टेस्ट इथे बरोबर बसते, फक्त तिच्यात फरक घालायचे. थांबलेल्या गटाचंही बीपी उतरलं होतं. चालणाऱ्यांचं त्याहून थोडं जास्त. पत्रकात छापण्याइतकं ते ‘थोडं’ मोठं आहे का, यावर आमचा वाद अजून चालू आहे.

हवालदारसाहेब या वेळी थांबणाऱ्या गटात आले. कुरकुरत म्हणाले, “साहेब, माझी चिठ्ठी बदला.” मी बदलली नाही.