एकट्या गवताचं कुरण होत नाही



1978 सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी वडिलांनी कर्ज काढून पहिली संकरित गाय आणली होती. गौरी तिचं नाव. विहिरीजवळच्या चार गुंठ्यांत तिच्यासाठी लसूणघास केला होता. आमच्याकडे त्याला नुसतं 'घास' म्हणतात. मी तेव्हा कॉलेजात, सुट्टीला घरी आलेलो. एका पहाटे दवानं भिजलेला कोवळा घास मी कापला आणि रात्रभर उपाशी असलेल्या गाईपुढे दोन भारे टाकले. वाटलं, आज दूध वाढेल. तासाभरात तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. गोडं तेल पाजलं, चोळलं, फिरवलं. जनावरांचे डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत गाय गेली.

वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत. आई एवढंच म्हणाली, "घास वाईट नसतो रे. पण तो कडब्याबरोबर द्यायचा असतो, एकटा नाही."

आईच्या त्या वाक्याचा पुरता अर्थ कळायला मला पस्तीस वर्षं लागली आणि तो कळला तोही पार न्यूझीलंडमध्ये.

माझी मुलगी तिथल्या हॅमिल्टन शहरात नोकरीला आहे. 2013 साली आम्ही दोघं तिच्याकडे चार महिने राहिलो. हा वायकाटो भाग म्हणजे दुधाचा मुलूख. गावाबाहेर एक वयस्क शेतकरी होते, त्यांच्याशी माझी ओळख झाली. अडीचशे गाई, पण गव्हाण नाही, कडबाकुट्टी नाही. गाईंनी कुरणात जायचं, चरायचं, दोन वेळा धारेला यायचं आणि पुन्हा चरायला जायचं. मला ते सगळं एकच गवत वाटलं. मी तसं म्हणालो, तर म्हातारबुवा चक्क गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हातानं गवत बाजूला सारून दाखवलं. वर उभी, चकाकणारी, अरुंद पाती होती, ते रायग्रास. खाली जमिनीलगत पसरलेली तीन-तीन पानं, मेथीची आठवण व्हावी अशी. फक्त प्रत्येक पानावर फिकट पांढरा पट्टा. ते पांढरं क्लोव्हर.

ही दोन्ही तिथली मूळची नव्हेत. एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या लोकांनी बी बरोबर आणलं, जंगलं जाळून-तोडून ही कुरणं केली. 1882 साली 'डनेडिन' नावाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन तिथून लंडनला सुखरूप पोहोचलं. त्यानंतर मांस आणि लोणी यांवर त्या देशाचा संसार उभा राहिला. त्या संसाराच्या मुळाशी ही दोन झाडं आहेत.

त्यांची सोबत कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. आपण भुईमुगाचं झाड उपटलं की मुळांवर बारीक गाठी दिसतात. तशाच गाठी क्लोव्हरच्या मुळांवर असतात. त्यांत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करून देतात. चांगल्या कुरणात वर्षाला हेक्टरी 100 ते 200 किलो नत्र असा जमा होऊ शकतो. त्यातला फार थोडा भाग गवताला थेट मिळतो. क्लोव्हरची जुनी मुळं आणि धावती खोडं कुजतात, तेव्हा काही मिळतो. बराचसा गाईच्या पोटातून, शेणामुतावाटे परत येतो. म्हणजे या भागीदारीत तिसरी भागीदार गाय आहे.

गवत काय देतं? गवत जमिनीतला नत्र भराभर उचलतं, म्हणून क्लोव्हरच्या गाठी कामाला लागलेल्या राहतात. थंडीत क्लोव्हर मंदावतं तेव्हा गवत वाढतं, उन्हाळ्यात क्लोव्हर हात देतं. आणि जनावराच्या पोटात गवताचा तंतू जातो. कोवळ्या क्लोव्हरमधल्या प्रथिनांमुळे पोटात घट्ट फेस होतो, वायू त्यात अडकतो, जनावराला ढेकर देता येत नाही आणि ते फुगतं. आमच्या गौरीचं हेच झालं होतं. मी ती हकिगत सांगितली तेव्हा म्हातारबुवा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एका वसंतात माझ्या तीन गाई अशाच गेल्या. तेव्हापासून क्लोव्हर जोरात असलं की गाईंना आधी फेस मोडणारं औषध पाजतो आणि उपाशी सोडत नाही."

आता ही सोबत आपोआप टिकत नाही. गवत उंच वाढलं तर खालचं क्लोव्हर सावलीत मरतं. फार खालपर्यंत चरू दिलं तर गवताच्या बुडाशी साठवलेलं अन्न संपतं आणि ते पुन्हा उठत नाही. म्हणून विजेच्या तारेनं कुरणाचे तुकडे पाडतात. रायग्रासच्या फुटव्याला तिसरं पान आलं की गाई आत सोडायच्या आणि चार-पाच सेंटिमीटर गवत उरलं की बाहेर काढायच्या. चौथं पान येईपर्यंत थांबलं तर पहिलं वाळून जातं. त्या शेतकऱ्याचं निम्मं आयुष्य पानं मोजण्यात गेलं होतं.

पण श्रोतेहो, फुकट मिळणाऱ्या नत्रालाही किंमत होती. क्लोव्हरला स्फुरद भरपूर लागतं आणि तिथल्या जमिनीत ते कमी. विसाव्या शतकात ते नाऊरूसारख्या चिमुकल्या बेटांवरचा खडक खणून आणलं, त्याचं सुपर फॉस्फेट केलं आणि 1949 पासून तर विमानांतून डोंगरउतारांवर फेकलं. तिकडे कुरणं हिरवी झाली. इकडे नाऊरूचा मधला सगळा भाग नुसत्या चुनखडीच्या सुळक्यांचा उजाड माळ होऊन बसला. हिरव्या गवताकडे बघताना ते बेटही आठवावं.

पुढचा खर्च लक्षात यायला वेळ लागला. 1990 नंतर दुधाचा धंदा वाढला आणि युरिया स्वस्तात मिळू लागला. म्हातारबुवांचा मुलगा कारभार बघत होता. त्याचा हिशेब सरळ होता: बँकेचे हप्ते आहेत, गाई वाढवल्या आहेत, तर युरिया टाका, गवत आठवड्याभरात उठतं. बाप म्हणायचा, जमिनीत आयता नत्र मिळाला की क्लोव्हर कमवायचं सोडतं. वर माजलेलं गवत त्याला झाकून टाकतं. मग पुढच्या वर्षी युरिया जास्त लागतो. दोघांचंही खरं होतं. कर्ज मुलाच्या नावावर होतं. बापाच्या कुरणात तिसरा हिस्सा क्लोव्हर असायचं. मुलाच्या कुरणात ते शोधावं लागत होतं.

गाईच्या मुताच्या एकेका डागात इतका नत्र पडतो की गवताला तो सगळा घेता येत नाही. उरलेला नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपतो. गाई वाढल्या, गवतातला नत्र वाढला, तशी नद्यांची आणि विहिरींची तक्रारही वाढली. अखेर 1 जुलै 2021 पासून तिथल्या सरकारनं चराऊ जमिनीवर रासायनिक नत्राला हेक्टरी वर्षाला 190 किलोंची मर्यादा घातली. मुलीनं फोनवर सांगितलं, म्हातारबुवांचा मुलगा पुन्हा क्लोव्हरचं बी विकत घेतो आहे. म्हातारबुवा ते बघायला नव्हते.

आता आपल्याकडे वळू. रायग्रास आणि पांढरं क्लोव्हर ही थंड, ओलसर हवेची पिकं. सांगली-सोलापूरच्या उन्हाळ्यात ती टिकायची नाहीत, कुणी बी विकायला आलं तर फसू नका. पण पांढऱ्या क्लोव्हरचा सख्खा भाऊ, बरसीम, रब्बीत पाण्याखाली आपल्याकडे येतो. मक्याबरोबर चवळी पेरता येते. एकदल चाऱ्याचे दोन भाग आणि द्विदलाचा एक, हा ठोकताळा गोठ्यात बसणाऱ्या गाईलाही लागू आहे. आणि ओला, कोवळा घास सुकवल्याशिवाय, उपाशी जनावरापुढे एकटा कधीही टाकू नका.

परत आल्यावर मी घासाच्या वाफ्याजवळ उभा राहून आईला हे सगळं सांगितलं. ती तेव्हा पंच्याऐंशीची होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एवढ्या लांब कशाला गेलास? मी सांगितलंच होतं की." एवढं बोलून तिनं कडब्याची पेंढी सोडली आणि घासात मिसळायला घेतली.