आंब्याच्या सालीचा हिशेब

(देणगीदार व रुग्णकुटुंबीय यांच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गतवर्षी याच व्यासपीठावरून आम्ही आपणांस एक आश्वासन दिले होते. परिसरातील आंबा कॅनिंगच्या कारखान्यांतून फेकल्या जाणाऱ्या सालींपासून तंतुमय पूड तयार करून ती हंगामानंतर रुग्णांच्या आहारात समाविष्ट करू, असे आम्ही म्हटले होते. टाळ्या झाल्या. एका देणगीदार कुटुंबाने त्याच सभेत ड्रायरसाठी देणगी जाहीर केली. ते आश्वासन आम्ही पूर्ण करू शकलो नाही. ताळेबंदात त्याची नोंद एका ओळीत आहेच. परंतु ज्यांनी विश्वासाने पैसे दिले, त्यांना त्याहून अधिक सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

मूळ कल्पना चुकीची नव्हती, असे आजही आमचे मत आहे. आंब्याच्या वजनात सालीचा वाटा साधारणतः १५ ते २० टक्के असतो. म्हणजे एक टन फळामागे दीडशे ते दोनशे किलो साल, बाठा वेगळाच. कॅनिंगच्या दिवसांत ही साल ढिगाने साठते, आंबते, तिच्यावर माशा घोंगावतात आणि पहिल्या पावसात तिचे पाणी वहाळाला मिळते. त्या दुर्गंधीबद्दल आपल्यापैकी अनेकांनी आमच्याकडेही तक्रार केलेली आहे. हीच साल स्वच्छ करून वाळवली, तर तिच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास, कित्येकदा त्याहून अधिक भाग तंतूंचा निघतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी बिस्किटांच्या पिठात अशी पूड मिसळून पाहिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार १० टक्क्यांपर्यंत पूड घातलेली बिस्किटे चवीला स्वीकारार्ह ठरली.

रुग्णालयाने या उद्योगात का पडावे, असा प्रश्न एका विश्वस्तांनी विचारला होता. आहारातील चोथ्याकडे वैद्यकीय जगाचे लक्ष १९७०च्या दशकात वेधले गेले, त्यात डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकांचा मोठा वाटा होता. ते युगांडात काम करीत. कोणता आजार कोठे किती दिसतो, ही माहिती त्यांनी आफ्रिकेतील लहान लहान मिशन रुग्णालयांना पत्रे पाठवून जमविली. आमच्यासारख्याच रुग्णालयांच्या नोंदवह्यांतून ते काम उभे राहिले. (आमच्या नोंदणी विभागातील मंडळींना आम्ही हे अधूनमधून ऐकवीत असतो.)

आपल्याकडे मधुमेह व बद्धकोष्ठता यांचे रुग्ण वाढलेले डॉक्टर मंडळी पाहत आहेत. सडलेल्या पांढऱ्या तांदळात १०० ग्रॅममागे तंतू सुमारे ३ ग्रॅम, तर नाचणीत ११ ग्रॅम. कोकणातल्या पानावरून नाचणी मागे पडली आणि भात मात्र राहिला. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्यास सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे सांगणे आहे.

आता आमच्या चुकीकडे येतो. आम्ही साल कचरा म्हणून उचलली. सकाळी निघालेली साल गोण्यांत भरून सायंकाळी टेंपोने यायची. सालीला चिकटलेला गर, त्यात मे महिन्याचा उकाडा. ती येईपर्यंत आंबू लागलेली असे. ती आम्ही गच्चीवर पसरली. दुसऱ्या दिवशी ढग आले, चौथ्या दिवशी बुरशी. सारा माल पुरून टाकावा लागला. ज्या ऋतूत साल मिळते, त्याच ऋतूच्या शेवटी आपल्याकडे ऊन संपते, ही गोष्ट कोकणात जन्म घालवलेल्या आमच्या ध्यानात यायला हवी होती.

दुसऱ्या खेपेस ताजी साल आणून धुतली. गराची साखर निघून जावी, हा त्यामागील हेतू. मग ती उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवली, जेणेकरून ती काळी पडू नये. आणि उसनवारीने मिळालेल्या ड्रायरमध्ये ६० अंशांच्या आत वाळवली. ओल्या सालीत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, त्यामुळे शंभर किलोंची पंचवीस किलोही होत नाही आणि इंधनाचे बिल मात्र शंभर किलोंचे येते. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास हे गणित सुखावणारे नव्हते. तरी पूड उत्तम झाली. स्वयंपाकघरात नाचणीची बिस्किटे केली. कर्मचाऱ्यांनी ती चहाबरोबर खाल्ली. शेवटी किंचित कडवट लागतात, एवढीच तक्रार.

येथे आमच्या आहारतज्ज्ञांनी काम थांबविले. हा आंबा कोणत्या बागेतला, त्यावर शेवटची फवारणी कधी व कशाची, असे त्यांनी विचारले. फवारणीचा अंश सालीवरच अधिक राहतो. कॅनिंगचा आंबा तर अनेक बागांतून, दलालांमार्फत एकत्र येतो. उत्तर कोणाजवळच नव्हते. शिवाय चिकाने तोंडाला फोड येणारी माणसे घरोघरी आहेत, आणि तोच त्रास सालीनेही होऊ शकतो. आतड्यात अडथळा असलेल्यास, पाणी कमी पिणाऱ्यास अशी पूड उपकारक नसते, हेही त्यांनी सांगितले. आम्हांस वर्षअखेरीचे आश्वासन दिसत होते. आम्ही काहीशा रागानेच म्हणालो, "कर्मचारी खातात, त्यांना काही झाले का?" त्यावर त्या म्हणाल्या, "ते धडधाकट आहेत, साहेब. वॉर्डातला माणूस आपण देऊ ते औषध समजून खातो." आम्ही पूड सीलबंद करून ठेवली. एकाही रुग्णास ती देण्यात आलेली नाही.

दरम्यान, स्वयंपाकघरातून आठवड्यातून दोनदा नाचणीची भाकरी सुरू झाली आहे. ती स्वस्त आहे, आणि मग साल हवीच कशाला, असे कोणी विचारल्यास आमची पंचाईत होते. उत्तर एवढेच, की ज्याला भाकरी जात नाही, दोन बिस्किटेच जातात, त्याच्यासाठी थोडक्या आकारात तंतू देण्याचा हा एक मार्ग आहे. आणि वहाळ आहेच.

येत्या हंगामासाठी एका कारखान्याने मान्य केले आहे, की ज्या बागांच्या फवारणीची नोंद आहे, त्यांचाच आंबा एका दिवशी वेगळा घेतला जाईल, तो सोलण्याआधी धुतला जाईल आणि साल दोन तासांच्या आत आमच्याकडे येईल. प्रत्येक खेपेचा नमुना प्रयोगशाळेत जाईल; अहवाल येईपर्यंत पूड कुलपात राहील.

ड्रायरची देणगी 'विशिष्ट हेतूसाठी प्राप्त निधी' या शीर्षाखाली व्याजासह जशीच्या तशी आहे. ती परत घेण्यास आपण मोकळे आहात, असे आम्ही त्या कुटुंबास लेखी कळविले होते. पैसे राहू द्यावेत, मात्र प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर प्रथम आम्हांस दाखवावा, असे त्यांचे उत्तर आले. पहिली खेप एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात अपेक्षित आहे. अहवाल, तो कसाही आला तरी, स्वयंपाकघराबाहेरील फलकावर लावण्यात येईल.