मातीतला वस्ताद : कै. हरिश्चंद्र बिराजदार
(हट्टा येथील मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाचे काम पुरे झाले की सगळ्या गावाची छाती भरून येते. ज्याला जमले त्याने पैसा दिला, ज्याला ते जमले नाही त्याने पाट्या उचलल्या. देवाच्या दारी दोन्हींचे मोल सारखेच. अशा मंगल प्रसंगी एका वस्तादाची आठवण काढणे उचित ठरेल. कारण आपल्याकडे देऊळ आणि तालीम ही सख्खी भावंडे आहेत. तालमीत मारुतीराया असतो आणि पैलवान त्याच्या पाया पडून, कपाळाला माती लावून मगच हौद्यात उतरतो.

ही माती तरी साधी असते काय? तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, लिंबू आणि हळद कालवायची. वसमत तालुक्यातल्या माणसाला हळदीचा गुण सांगायला नको. खरचटलेले अंग त्याच मातीत बरे होते. म्हणून पैलवान मातीला आई म्हणतो.

या मातीने मराठवाड्याला जी रत्ने दिली, त्यांत कै. हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव फार वरचे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड हे त्यांचे गाव. जन्म 1950 सालचा. निजामाची राजवट जाऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. मराठवाड्यात ना मोठी क्रीडांगणे होती, ना शिकवणारे फारसे कुणी होते. अशा भागातला हा मुलगा 1969 साली महाराष्ट्र केसरी झाला. दुसऱ्याच वर्षी, 1970 मध्ये, स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. वय अवघे वीस! 1972 साली ते रुस्तुम-ए-हिंद झाले. 1977 साली बेळगावच्या मैदानात त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले. ती कुस्ती जुने शौकीन आजही रंगवून सांगतात. जिंकलेला आणि हरलेला, असे दोघेही पुढे वस्ताद झाले, हे विशेष.

एवढे नाव झाल्यावर माणूस सत्कार घेत, फेटे बांधून घेत सुखाने राहिला असता. बिराजदारांनी तसे केले नाही. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवायला घेतली. सारे त्यांना ‘मामा’ म्हणत. या एका शब्दात सगळे आले. खेड्यातले पोर आई-बाप सोडून शहरात येते. घरी दुधाची चरवी मोकळी करून त्याच्या खुराकाचे पैसे पाठवलेले असतात. कधी बापाने उसनवारीही केलेली असते. त्या पोराला तिथे नुसता डाव शिकवणारा पुरत नाही. हात आखडता घेतला तर रागावणारा, दुखापत झाली तर उशाशी बसणारा आणि कुस्ती हरली तर पाठीवर हात ठेवणारा कुणी तरी लागतो. जोर-बैठका कुणीही मोजील. पोराचे मन वस्तादच जाणतो. खेळ, घर आणि देव या तिन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र आलेल्या असतात.

बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे हा मामांचा लाडका शिष्य. त्याचे वडील स्वतः पैलवान. त्यांनी पहिले डाव शिकवले आणि मुलगा मामांच्या हाती दिला. आपण एडिंबरात जिंकले तसे राष्ट्रकुलचे सुवर्ण या पोराने जिंकावे, अशी मामांची इच्छा होती. ते पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. 14 सप्टेंबर 2011 रोजी मामा गेले.

गुरू गेल्यावर शिष्याचे काय होते, हे तालमीत वाढलेल्यालाच कळते. राहुलच्या वाट्यालाही थोडे दुःख आले नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकची संधी हुकली. दुसरा एखादा लंगोट खुंटीला अडकवून गावी परतला असता. पण लातूर जिल्ह्यातलेच अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांनी त्याला पुण्यात आपल्या तालमीत घेतले. एका वस्तादाने अर्धवट राहिलेले काम दुसऱ्या वस्तादाने पुढे नेले. 2018 च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राहुलने 57 किलो गटाच्या अंतिम कुस्तीत कॅनडाच्या मल्लाला 15-7 असे हरवले आणि सुवर्णपदक घेतले. ते पदक त्याने आपल्या दिवंगत गुरूला, बिराजदार मामांना अर्पण केले. एडिंबरापासून गोल्ड कोस्टपर्यंत 48 वर्षे झाली होती आणि मामांना जाऊन साडेसहा. पुढच्याच वर्षी कझाकस्तानात झालेल्या जागतिक स्पर्धेतही राहुलने कांस्यपदक मिळवले.

बंधूंनो, वस्तादाचे काम असे असते. पेरणी त्याने करायची आणि कापणीला तो असेलच याची खात्री नाही. मामांना 2006 साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला, त्याचा सर्वांना अभिमान आहे. पण शिष्याने वाहिलेले ते पदक हीच त्यांची खरी पुण्यतिथी म्हणावी लागेल.

आता थोडे स्पष्ट बोलले तर मंडळींनी राग मानू नये. आज मराठवाड्यात गावोगाव देवळे नवी होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच देवळांशेजारच्या किती तरी तालमींना कुलूप आहे. हौद्यात गवत माजले आहे. जत्रेत नारळाची कुस्ती लावायला गावातले जोड मिळत नाहीत, बाहेरगावचे पैलवान बोलवावे लागतात. आणि गावची तरणी पोरे? ती पारावर मोबाईल घेऊन बसलेली दिसतात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. त्यांना पहाटे हाक मारून उठवणारा माणूस गावाने ठेवला आहे काय, हे आधी पाहावे.

दगडी देऊळ शंभर वर्षे टिकते. ते गजबजते ठेवायला मात्र माणसे लागतात. ज्या उदार हातांनी या कामाला देणगी दिली, त्यांनीच वर्षाकाठी थोडे बाजूला काढावे. चार ट्रॉली माती, एक पत्र्याची शेड, दोन गरीब पोरांचा दुधाचा रतीब आणि त्यांना शिकवणाऱ्या एखाद्या जुन्या पैलवानाचा मान, एवढ्यावर आरंभ होतो. रामलिंग मुदगडासारख्या खेड्यातून रुस्तुम-ए-हिंद निघतो, पाटोद्यातून जागतिक पदक येते, तर वसमत तालुक्यातून का येऊ नये?

कै. हरिश्चंद्र बिराजदार यांच्या स्मृतीला सर्वांच्या वतीने अभिवादन करून हे चार शब्द येथेच संपवणे योग्य होईल.

बजरंगबली की जय! जय हिंद, जय महाराष्ट्र!