फिट थांबली? आता खांदा बघा

फिट आली की तोंडात चमचा घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये, हे तुम्हाला पाठ आहे. मला बोलायचंय ते फिट थांबल्यानंतरचं. खांदा बघा.

बैलजोडीत एक बैल थोराड नि दुसरा हलका असला तर काय होतं, हे अंबड-घनसावंगीच्या शेतकऱ्याला मी काय सांगावं? कासरा हातात आहे तोवर निभतं. फिटमध्ये मेंदूच्या हातून कासराच सुटतो. हात आत वळवणारे स्नायू आणि बाहेर वळवणारे स्नायू एकाच वेळी जीव खाऊन ओढतात. आत वळवणारे थोराड, ते जिंकतात. जू तिरकं होतं, म्हणजे दंडाच्या हाडाचं डोकं खोबणीतून मागं सरकतं. कधी दोन्ही खांद्यांत.

पडल्या-झडल्यावर खांदा निखळतो तो बहुधा पुढं, लगेच दिसतो. मागं सरकलेला वरून फारसा दिसत नाही, नुसत्या समोरून काढलेल्या एक्स-रेतही निसटतो. घरचे म्हणतात, फिटनंतर अंग दुखतंच. दुखतं, खरंय; ते काही दिवसांत ओसरतं. निखळलेला खांदा आपोआप बसत नाही. म्हणून माणूस पूर्ण शुद्धीवर आला, की कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवायला सांगा. वळत नसेल तर चोळू नका, ओढू नका. दवाखान्यात फिट आल्याचं आवर्जून सांगा आणि बाजूनंही एक्स-रे काढायचा का, हे विचारा.

आणि ते चौघांनी हातपाय दाबून धरणं सोडा बरं! उधळलेल्या बैलाच्या जुवाला लोंबकळता का कधी? वाटेतलं सामान बाजूला करता ना? तेवढंच करा. पुन्हा सांगतो, शुद्धीवर आल्यावर हात बाहेर वळतो का, ते बघा.

दुसरं, फिट लांबली तर स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडाला बाधतं. लघवी तांबडी-काळपट दिसली तर तडक दवाखाना. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत भट्टीपुढं घाम गाळणाऱ्यांच्या अंगात आधीच पाणी कमी, त्यांनी तर मुळीच थांबू नये.

तिसरं, वर्षानुवर्षं फेनिटॉइनसारख्या फिटच्या गोळ्या घेतल्यानं हाडं ठिसूळ होऊ शकतात, मग फिटच्या झटक्यानं मणकाही दबतो. हाडांची तपासणी डॉक्टरांना विचारून करा. पण म्हणून मनानं गोळी बंद? मुळीच नाही. उपवासालासुद्धा नाही. फिट पाच मिनिटांवर गेली तर 108 ला फोन करा.